सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत

म्हात्रे पुलाच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर
रात्रीची लॅब.
नळ्या समोरासमोर तोलून ठेवायच्या,
झाकण लावायचं, दहा मिनिटं.
दहा म्हणजे दहाच.
रक्त खाली बसतं, वर पिवळसर पाणी येतं
आणि मशीन एकदाच वाजतं.

तेवढ्यात मी माझ्या गावाला जाऊन येते.
ब्राउझरमधलं, फुकटचं गाव:
एक तळं, सोळा घरं, एक भट्टी.
भट्टीत पाव भाजायला चार तास.

चार तास?
डेक्कनच्या बेकरीत सकाळची पहिली खेप
तेवढ्या वेळात विकून, ट्रे धुऊन होतात.
तुला पाव ठाऊक नाही असं नाही.
तुला मी ठाऊक आहे,
दर दोन मिनिटांनी भट्टीत डोकावणारी.

तू कुठे बसतोस की बसतेस, मला माहीत नाही.
बाणेरला असशील तर एकदा चहाला ये.
विचारायचंय,
ती जाहिरातीवरची फुली इतकी बारीक का काढलीस?
मी तान्ह्या पोरांच्या न सापडणाऱ्या शिरा शोधते,
माझी सुई चुकत नाही.
तुझ्या फुलीवर मात्र बोट चुकतं
आणि उघडतं काय, तर पाच मिनिटांत कर्ज.

लोडिंगची पट्टी नव्व्याण्णववर उभी,
सिंहगड रोडला सिग्नल सुटूनही न हलणाऱ्या बससारखी.
'नको' राखाडी, 'हो' हिरवं, टपोरं,
थोडं नाचतंसुद्धा.
मागच्या महिन्यात दोघांच्या जागा बदलल्यास.
सवयीनं दाबलं,
जमवलेली चाळीस रत्नं गेली एका कारंज्यात.
गावात प्यायला पाणी नाही आणि चौकात कारंजं!
एवढं एक मात्र हुबेहूब जमलंय तुला.

मध्ये तेरा दिवस मी कामावर नव्हते.
रजेच्या अर्जात कारण एका शब्दात लिहिलं,
तांबोळी मॅडमनी काही न विचारता सही केली.
चौदाव्या रात्री आले,
नळ्या फिरायला ठेवल्या, गाव उघडलं.

सोळाही घरं काळवंडलेली.
दारादारावर फुगे: आम्हाला विसरलीस?
सलग दोनशे अकरा दिवस येत होतीस,
साखळी तुटली.
आणि तळ्याकाठी गळ टाकून बसणारा म्हातारा,
ज्याला मी आपली अण्णा म्हणायचे,
त्याच्या अंगावर पाटी:
परत उठवायचं? एकोणऐंशी रुपये.
फक्त आज.
शेजारी घड्याळ, उलटं पळणारं.

खरं सांगते, पर्समधून कार्ड काढलं होतं.
सोळा आकडे.
अकरा भरले.
मग मशीन वाजलं.

या मशीनचं एक आहे.
वाजल्यावरही आतलं चाक पुरतं थांबेपर्यंत
झाकण उघडत नाही.
ओढा, आपटा, नाही म्हणजे नाही.
तेही कुणीतरी विचार करूनच केलं असणार.

रिपोर्ट टाकून आले तर पाटी गेलेली,
अण्णाच्या जागी नुसतं गवत.
उगाच बाण हलवला.
बाणामागे कुत्रं आलं.

ते पिवळं कुत्रं पहिल्या दिवसापासून आहे.
त्याला भूक नाही, लेव्हल नाही, किंमत नाही.
दाबलं तरी काही विकायला येत नाही.
बाण जाईल तिकडे येतं,
बाण थांबला की बसतं, इतकंच.
मला वाटतं, साहेबाला न विचारता
एका रात्री कुणीतरी ते घातलं
आणि पुढे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ते तू असशील
तर चहाचं नक्की. फुलीचं नंतर बघू.

आता पाव भाजत नाही मी.
नळ्या फिरायला लागल्या की
त्याला तळ्याला एक फेरी मारून आणते.
पुढच्या अपडेटमध्ये
ते कुणाच्या नजरेस पडू नये.